नौदलातील दिवंगत आप्तांचे आयुष्य कसे लिहून ठेवावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
1971 च्या युद्धात नौदलात असलेले माझे आजोबा यंदा वारले. त्यांच्या पेटीत सेवेची कागदपत्रे, पदके आणि मागे काहीही न लिहिलेली छायाचित्रे आहेत. त्यांचे आयुष्य कसे लिहावे?

उत्तर (महाल):
कागदपत्रांतील जहाजांची नावे आणि तारखा आधी उतरवून घ्या. छायाचित्रांतील टोपीची फीत भिंगाखाली पाहा. तिच्यावरून कधी कधी जहाज कळते. आजी असतील, तर त्यांना आजच विचारा.

उत्तर (सदर):
9 डिसेंबर 1971 रोजी बुडालेल्या ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवरील 18 अधिकारी आणि 176 खलाशांचे स्मारक दीवला आहे, सुखरूप घरी परतलेल्यांची नोंद मात्र घरच्यांनीच करायची असते. निवृत्तीनंतरची नागपुरातील वर्षेही अवश्य लिहा, कारण नेमकी तीच सुटतात.