कौन्सिलला राज्यघटनेत जागा हवी की नको?

यारावासी:
‘कचरा उचलणाऱ्या कौन्सिलांना राज्यघटनेत जागा कशाला? ऑस्ट्रेलियात हा विषय कधीच संपला.’ परवाच्या या पोस्टवर दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो. राहवत नाही.

संपलेला नाही, आपण तो संपवू दिलाय. १९०१ च्या घटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा, म्हणजे कौन्सिलांचा, उल्लेखच नाही. या विषयावरच्या १९७४ च्या सार्वमतात एकट्या न्यू साउथ वेल्सने होकार दिला. १९८८ मध्ये एकाही राज्याने नाही, देशभरात ३४ टक्क्यांच्या आतच. २०१३ मध्ये संसदेने विधेयक मंजूर केलं, निवडणुकीसोबत १४ सप्टेंबरला मतदान ठरलं. मग निवडणूक ७ तारखेवर आली आणि सार्वमत बारगळलं.

मुलगी झाली तेव्हा मेलबर्नमध्ये आमचं कुणी नव्हतं. कौन्सिलची नर्स घरी आली, बाळाचं वजन केलं आणि नंतर तासभर बायकोशी बोलत बसली. हे काम कचऱ्याच्या डब्यांत मोजू नका. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात केनेट सरकारने नव्वदच्या दशकात २१० कौन्सिलांच्या ७८ केल्या, निवडून आलेल्यांना घरी बसवून आयुक्त नेमले. घटनेत नाव असतं तर एवढं सोपं गेलं असतं?

पेठकर:
गेलं असतं. आमच्याकडे महाराष्ट्रात या आणि बघा. शहरांच्या संस्थांना घटनेत जागा देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक, इतकं स्वच्छ लिहिलंय. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, सगळ्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ‘चार महिन्यांत घ्या’ म्हटलं, तरी मुंबईत मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये.

मधल्या काळात आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं. कार्यालयात गेलो तर म्हणे ॲपवर टाका. टाकलं. तक्रार ‘निकाली’, घाण पाणी जिथल्या तिथे. नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता तरी यायचं.

रोखठोक:
नगरसेवकांसाठी गळे काढू नका. आमच्या भागात ते नव्हते तेव्हा चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स गेले आणि फुटपाथ पूर्ण झाला. टक्केवारी घेणारा मधला माणूस गेला की कामं होतात. प्रशासक हजारपट बरा.

माईंची_लेक:
रोखठोक, जरा जपून. माझी आई महिला आरक्षणातून निवडून आली. सुरुवातीला अधिकारी तिच्याशी बोलताना बघायचे बाबांकडे. तिने बजेटचं पुस्तक घरी आणलं, रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी एकेक लेखाशीर्ष वाचायचो. नंतर सभेत तिने शाळांच्या स्वच्छतागृहांचे न वापरलेले पैसे नावानिशी मागितले आणि ते मिळाले. प्रशासकाच्या काळात बजेट कोण मांडतं, कोण मंजूर करतं? तोच माणूस! प्रश्न विचारायला सभागृहात कुणी नाही. निम्म्या जागा बायकांच्या होत्या, त्या सगळ्या जवळपास चार वर्षं घरी.

रोखठोक:
तुमच्या आईंबद्दल आदर आहे. अशा किती असतात?

माईंची_लेक:
किती असतात हे निवडणूक घेतल्याशिवाय कळणार कसं? आणि तुमचा फुटपाथ आधीच्या नगरसेवकांच्या काळातच मंजूर झाला होता का, ते एकदा तपासा.

रोखठोक:
बरं, मंजुरी आधीचीच असेल. पूर्ण कुणी केला ते बोला.

सिडनीकर:
पुण्या-मुंबईचं भांडण चालू द्या, पण मूळ मुद्दा राहतोय. यारावासी, २०१३ चा प्रस्ताव कलम ९६ पुरता होता: केंद्राला कौन्सिलांना थेट पैसे देता यावेत. बरखास्तीबद्दल, विलीनीकरणाबद्दल एक शब्द नव्हता. केनेटना त्याने काही रोखलं नसतं. आणि रस्त्यांचा निधी कॅनबेराहून आजही थेट येतोच. मग राज्यांना डावलायला घटना का बदलायची?

यारावासी:
येतो, पण तो कशाच्या आधारावर उभा आहे? २००९ च्या पेप आणि २०१२ च्या विल्यम्स खटल्यांनंतर केंद्राच्या थेट खर्चावरच प्रश्नचिन्ह आहे. उद्या कुणी कोर्टात गेलं तर रस्ते कोण करणार? मुदतीबद्दल त्यात काही नव्हतं, हे खरं. म्हणून तर म्हणतो, पुढच्या मसुद्यात पैसा आणि मुदत दोन्ही हवेत.

पेठकर:
आमच्या कलमाच्या जोरावरच लोक कोर्टात गेले आणि उशिरा का होईना मतदान झालं, एवढं मानतो. त्यापुढे नाही. तारीख चुकवणाऱ्या सरकारचं काय होणार हे आमच्याकडे कुणी लिहिलंच नाही. तुम्ही ते लिहिणार असाल तरच मोहीम काढा.

सिडनीकर:
ते लिहिलंत की सहाही राज्य सरकारं विरोधात उभी राहतील. ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीच्या आजवरच्या ४५ प्रस्तावांपैकी ८ मंजूर झालेत, शेवटचे १९७७ मध्ये. देशात बहुमत आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत, कुठून आणणार?

यारावासी:
लोकांच्या दारात जाऊन. १९८८ मध्ये ते कुणी केलं होतं?