धुळे ते तोरणमाळ, पुढे नर्मदाकाठ: गाडीने कसं आखावं?

प्रश्न: राम राम मंडळी. ऑक्टोबरात कुटुंबासह धुळ्याहून तोरणमाळ, तिथून धडगावमार्गे नर्मदा बघायचीय. छोटी कार चालेल का?

उत्तर १: चालेल. दोंडाईचा, शहादा, म्हसावद, राणीपूर असं जा. टाकी शहाद्यातच फुल करा, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे, सात पायरी घाटात वळणं लागोपाठ येतात. चढणारी गाडी दिसली की थांबून तिला आधी जाऊ द्या. यशवंत तलाव आणि सीताखाईसाठी अख्खा दिवस ठेवा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे सीताखाईच्या धबधब्याला पाणी असतं. ते चुकवू नकाच.

उत्तर २: भाऊ, चढण्यापेक्षा उतरणं जपा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. जळका वास आला की सपाट जागा बघून गाडी अर्धा तास उभी करा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. न्यूट्रल तर अजिबात नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर निघण्याआधी बदला.

उत्तर ३: नर्मदेसाठी मुक्काम धडगावला. नदीकडे गेल्यावर दिसेल तो सरदार सरोवर धरणाचा फुगवटा, म्हणजे अडलेलं पाणी, संथ आणि रुंद. काठावर गाळ असतो, गाडी वरच ठेवा. परतताना चांदसैली घाटाने तळोदा, प्रकाशा. पाऊस लांबला असेल तर त्या घाटात दरड येते, म्हणून धडगावात विचारूनच निघा. आणि दोन्ही घाट उजेडातच.