मदत हवी आहे: बीएसडब्ल्यूच (समाजकार्याची पदवी) करावं, की दुसरी पदवी घेऊन मग एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी)?

माझ्या भाचीला समाजकार्यात करिअर करायचंय. पदवीच्या प्रवेशाची वेळ जवळ आली आणि घरात दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, मानसशास्त्र नाहीतर समाजशास्त्र घे. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची पदवी चालते, मग आत्तापासून एकाच रस्त्याला का लागायचं? भाची म्हणते, जे काम करायचंय ते पहिल्या वर्षापासून शिकू दे की. आणि दोघीही मलाच न्यायाधीश करतात. मी हिशेबाच्या क्षेत्रातली, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

चार-पाच अभ्यासक्रम वाचून काढले. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक कृती या सहा पद्धती सगळीकडे आहेत. कागदावर सगळी कॉलेजं सारखीच दिसतात, मग चांगलं-वाईट ओळखायचं कशावरून?

दुसरी धास्ती क्षेत्रकार्याची. अठरा वर्षांच्या मुलीला रुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, वस्तीत पाठवतात म्हणे. झेपतं का या वयात? त्यात आमची मुलगी मितभाषी.

आणि निव्वळ पदवीवर काम मिळतं का? (समाजसेवेत पैसा नाही, हा प्रतिसाद कृपया नको. तो आम्हाला घरपोच मिळतो.)

प्रतिसाद

समाजसेवेला पदवी कशाला हवी? मन मोठं असलं की झालं. आमच्या ओळखीत न शिकता आयुष्यभर लोकांसाठी राबलेले कितीतरी आहेत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातल्या लोकांबद्दल आदर आहेच. पण हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तेव्हाच मिळालंय. धर्मादाय संस्थांमध्ये मोठ्या मनाची माणसं भरपूर होती, तरीही १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या अशाच एका संस्थेला कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू करावे लागले. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला समाजकार्य शिकवणारी स्वतंत्र संस्था निघाली. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणं वेगळं आणि संस्थेच्या वतीने एखाद्याच्या घरात शिरून त्याच्या मुलाबद्दल मत लिहिणं वेगळं. त्या कागदावर पुढे निर्णय होतात.

आता मूळ प्रश्न. मी एका संस्थेत विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य बघते, त्यामुळे तेवढ्यापुरतंच बोलते. कॉलेजाकॉलेजांतला फरक अभ्यासक्रमात शोधूच नका, तो क्षेत्रकार्यात असतो. एक गोष्ट खोदून खोदून विचारा: मुलांनी लिहिलेले अहवाल कोण वाचतं आणि किती दिवसांत परत देतं?

सुरुवातीच्या अहवालात हमखास एक वाक्य असतं, ‘बाई खूप निराश वाटल्या.’ मी शेजारी पेन्सिलीने लिहिते: कशावरून? त्या नेमकं काय म्हणाल्या? त्याआधी तू काय विचारलं होतंस? मग मुलगी आठवून आठवून सांगते की बाई ‘बघू आता’ एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हाच बाहेर त्यांचा नंबर पुकारला होता. म्हणजे निराशा की घाई? या एका ओळीवर अर्धा तास जातो. पर्यवेक्षण म्हणतात ते हेच. जिथे हे होत नाही तिथे मुलं पदवी मिळेपर्यंत हजेरीपत्रकावर सह्या गोळा करत फिरतात.

तासांचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेत मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यूला किमान ४०० तास क्षेत्रकार्य लागतं, एमएसडब्ल्यूला ९००. तुमच्या यादीतल्या कॉलेजांनाही आकडा विचारा. मात्र त्यात रॅल्या, शिबिरं आणि भाषणांची हजेरी धरली आहे का, हेही विचारा. आकडे असेच फुगतात.

झेपण्याचं म्हणाल, तर धड चाललेल्या ठिकाणी पहिल्याच वर्षी एकटीच्या हातात केस देत नाहीत. आधी संस्थाभेटी, निरीक्षण, मग गटाबरोबर काम, केस त्यानंतर. अवघड प्रसंग येतातच. त्या दिवशी तिला कुणाशी बोलता येईल, हे नाव आधीच ठरलेलं हवं.

प्रतिसाद

मी ताईंच्या वाटेने आलो. अर्थशास्त्र करून एमएसडब्ल्यू. काही अडलं नाही, पण पहिलं सत्र चाचपडण्यात गेलं. बीएसडब्ल्यू करून आलेली मुलं वस्तीत गेली की सरळ ओट्यावर बसून गप्पा सुरू करायची, आम्ही प्रश्नावली छातीशी धरून उभे. उलट सर्वेक्षणाचे तक्ते आणि प्रकल्पाचं बजेट आलं की तीच मुलं आमच्याकडे यायची. तेव्हा वाया काहीच जात नाही.

परदेशी जायचं डोक्यात असेल तर मात्र आधी तिथले नियम बघा. इंग्लंडमध्ये सोशल वर्कर ही उपाधी कायद्याने राखीव आहे. २०१९ पासून सोशल वर्क इंग्लंड ही नियामक संस्था नोंदणी करते आणि त्यासाठी समाजकार्याचीच मान्य पात्रता लागते, नुसती मानसशास्त्राची पदवी चालत नाही. अमेरिकेत मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू असेल तर बऱ्याच विद्यापीठांत दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू साधारण एका वर्षात होतं.

निव्वळ पदवीवर क्षेत्र कार्यकर्ता, समुदाय संघटक, प्रकल्प सहाय्यक अशी कामं मिळतात. रुग्णालयातलं आणि मानसिक आरोग्यातलं काम हवं असेल तर पुढे शिकावंच लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. ओट्यावरचा प्रसंग वाचून भाची हसत सुटली. ती कमी बोलते त्याबद्दल कुणी सांगेल का? स्वभावाने मदतीला तत्पर आहे, कुणी काही मागायची खोटी, ही पळालीच.

प्रतिसाद (क्षेत्रकार्यवाली)

कमी बोलण्याची काळजी सोडा. मुलाखतीत शांतता पडली की बडबडी मुलं ती लगेच भरून काढतात आणि समोरचा जे सांगणार असतो ते राहून जातं. मितभाषी मुलांना हे निम्मं आधीच येत असतं.

मला काळजी वाटते ती पळण्याची. एका विद्यार्थिनीने वस्तीतल्या एका आईचा मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज स्वतः भरला, स्वतःच नेऊन दिला. काम झालं, सगळे खूश. मी विचारलं, धाकट्याच्या वेळी कोण जाणार? तेव्हा ती गप्प झाली. पुढच्या खेपेला ती आईला बरोबर घेऊन गेली, खिडकीशी आई बोलली आणि ही मागे उभी राहिली. वेळ तिप्पट लागला.

समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली, कार्यकर्ता आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वं तिला लवकरच शिकवतील. गोपनीयता, स्वीकार वगैरे. त्यातलं स्वयंनिर्णयाचं तत्त्व लिहायला सगळ्यात सोपं आणि पाळायला सगळ्यात जड. लोक आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेतात आणि आपण तो त्यांना घेऊ द्यायचा. (जिवाला धोका असेल तिथे नाही, तिथली सीमा वेगळी शिकवतात.) मदतीला धावणाऱ्या मुलांना हे फार छळतं. म्हणूनच माझा कौल बीएसडब्ल्यूला. ही सवय मोडायला वेळ लागतो आणि पदवीच्या वर्षांत तो मिळतो. अट एकच, पर्यवेक्षण खरं हवं. ते नसेल तर ताई म्हणतात ते बरं, चांगल्या कॉलेजात मानसशास्त्र करा आणि सुट्टीत एखाद्या संस्थेत काम.

धागाकर्ती

ताईला सगळा धागा वाचून दाखवला. अजून तळ्यात-मळ्यात आहे, पण दोन कॉलेजांना फोन करायला तयार झाली. विभागप्रमुखांशीच बोलावं ना?

प्रतिसाद (क्षेत्रकार्यवाली)

त्यांच्याशी बोला, पण ते सगळं छानच सांगतील. दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठा आणि मागच्या आठवड्याचा अहवाल परत मिळाला का, त्यावर काय लिहिलं होतं, एवढंच विचारा.