फाइलच्या नावाची मर्यादा नक्की कुठून घ्यायची? मर्यादा सांगणारं पाथकॉन्फ फंक्शन -१ देतंय

धागाकर्ता: लिनक्सवर सीमध्ये लिहिलेला बॅकअप प्रोग्रॅम आहे. वापरकर्ता सांगेल त्या डिरेक्टरीत तो फाइली उतरवतो. नेम_मॅक्स (एका नावाची कमाल लांबी) २५५ धरलाय. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरच्या मराठी नावांच्या फाइली एक्स्ट४वर (लिनक्सची फाइल सिस्टम) बनतच नाहीत, ओपन ईनेमटूलाँग ('नाव फार लांब') ही एरर देतं. नाव मोजलं तर जेमतेम शंभर-सव्वाशे अक्षरं. दुसरं, पाथकॉन्फला _पीसी_सिमलिंक_मॅक्स (सिमलिंकमधल्या मजकुराची मर्यादा) विचारलं की -१ येतं, पण एररचा संदेश छापणारा पेरर छापतो 'सक्सेस'. हे काय आहे?

बिनतारी: -१ चे दोन अर्थ आहेत: कॉल फसला, किंवा त्या गोष्टीला ठरलेली मर्यादाच नाही. फरक फक्त एर्नोवरून (एररचा क्रमांक ठेवणारं चल) कळतो. कॉलच्या अगदी आधी एर्नो = ० करा. -१ आल्यावरही तो ० असेल तर मर्यादा नाही, म्हणजे 'सक्सेस' बरोबरच आहे.

-१ न तपासता मॅलॉक(पाथकॉन्फ(...) + १) असं कुठे लिहिलं असेल तर आजच काढा. -१ अधिक १ म्हणजे शून्य बाइटचा बफर, आणि मजकूर उतरवणारी पुढची स्ट्रकॉपी बफरबाहेर थेट हीपवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या इतर मेमरीवर, लिहिते.

नेम_मॅक्स विचारताना मार्ग डिरेक्टरीचा द्या. अजून न बनलेल्या फाइलचा दिलात तर ईनोएंट ('अशी फाइल नाही') मिळेल. डिरेक्टरी उघडलेली असेल तर मार्गाऐवजी उघडलेल्या डिरेक्टरीलाच विचारणारं एफपाथकॉन्फ जास्त चांगलं, कारण मधल्या वेळात त्या मार्गावर दुसरंच काही माउंट झालं तरी उत्तर तुमच्याच डिरेक्टरीचं येतं.

काना_मात्रा: मराठी नावांचं कारण सरळ आहे. एक्स्ट४ २५५ बाइट मोजतं, एनटीएफएस २५५ यूटीएफ-१६ युनिट (देवनागरी चिन्हाला एक). देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'महाराष्ट्र' डोळ्याला चार अक्षरं, पण आत १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. २५५मध्ये ८५च चिन्हं बसतात.

नाव छाटायचंच असेल तर २५५व्या बाइटवर आंधळेपणाने कापू नका. कापाच्या जागेचा बाइट आणि ०एक्ससी० यांचा अँड ०एक्स८० येत असेल तर तुम्ही चिन्हाच्या पोटात आहात, मागे सरका. शेवटी हलन्त लोंबकळत राहिला तर तोही काढा. छाटल्यावर दोन नावं एकसारखी होऊ शकतात, म्हणून शेवटी मूळ नावाच्या हॅशचे ८ हेक्स अंक जोडा. छाटताना त्यांचीही जागा धरा.

धागाकर्ता: छान, कळलं. हेच अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्येही चालवायचंय. तिथे काही वेगळं?

बिनतारी: हो, आणि हे महत्त्वाचं आहे. अल्पाइनची सी लायब्ररी मसल. तिचं पाथकॉन्फ तुम्ही दिलेल्या मार्गाकडे बघतच नाही, ठरलेल्या तक्त्यातला आकडा देतं, म्हणून नेम_मॅक्स नेहमी २५५. जीलिबसी (बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी) मात्र फाइल सिस्टमला विचारतं. ईक्रिप्टएफएसवर (फाइली एन्क्रिप्ट करणारी फाइल सिस्टम) नावंही एन्क्रिप्ट होत असतील तर खरी मर्यादा १४३ बाइट असते. मसलवर ती पाथकॉन्फमधून कधीच कळणार नाही. दोन्हीकडे चालायला हवं तर स्टॅटव्हीएफएस (फाइल सिस्टमची माहिती देणारा कॉल) वापरा आणि एफ_नेममॅक्स वाचा.

पाथ_मॅक्सवर (पूर्ण मार्गाची कमाल लांबी) फार विसंबू नका. लिनक्सवरचे ४०९६ बाइट शेवटच्या नल बाइटसकट आहेत आणि ते एका कॉलला दिलेल्या मार्गापुरते. ओपनअ‍ॅटने उघडलेल्या डिरेक्टरीच्या आधाराने एकेक पायरी उतरत गेलात तर त्याहून खोल झाडही हाताळता येतं. बॅकअपला हीच पद्धत हवी.

काना_मात्रा: एक राहिलं. लिहिताना मूळ नावाला '.पार्ट' वगैरे जोडून तात्पुरती फाइल बनवत असाल तर २५२ बाइटचं चांगलं नावही अडकेल. तात्पुरत्या फाइलला त्याच डिरेक्टरीत छोटं स्वतंत्र नाव द्या, लिहून झाल्यावर रीनेम करा. आणि मर्यादा आधी विचारली असली तरी ओपन आणि रीनेमचं ईनेमटूलाँग तपासायचं सोडू नका.