किलिमांजारो: बराफूला पोचल्यापासून मध्यरात्री निघेपर्यंत नेमकं काय करायचं?

पायवाट_कोथरूड
पुण्यातून आम्ही नऊ जण (वय २८ ते ५७) सप्टेंबरमध्ये किलिमांजारोला जातोय. माचामे मार्ग, गाइडसह ग्रुप. सगळ्यांचा सिंहगड नियमित आहे, काहींचं के-टू-एसही (कात्रज ते सिंहगड) झालंय. समोर दोन कार्यक्रम आहेत. सहा दिवसांच्या कार्यक्रमात बारांको तळाहून थेट बराफू हाय कॅम्प (शिखराआधीचा शेवटचा तळ), सात दिवसांच्यात मध्ये करांगाला मुक्काम. करांगा आणि बारांको जवळपास एकाच उंचीवर आहेत, मग त्या मुक्कामासाठी जास्तीचे पैसे का भरायचे, असं निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. शिवाय बराफूला पोचल्यापासून मध्यरात्री शिखराकडे निघेपर्यंतच्या वेळात पाणी, कपडे, जेवण, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) यांचं गणित कसं बसवायचं? दोघी पूर्ण शाकाहारी आहेत. जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा
सात दिवसच घ्या, यात दुमत नको. उंची सारखी आहे म्हणूनच तो मुक्काम कामाचा. बारांको ३९७६ मीटर, करांगा ३९९५ च्या आसपास, बराफू ४६७३. म्हणजे शेवटची सुमारे ७०० मीटरची उडी दोन्ही कार्यक्रमांत आहेच. पण सात दिवसांत त्याआधी चार हजारांच्या आसपास आणखी एक रात्र मिळते, आणि करांगाहून बराफूला तीन-चार तासांत, जेवणाच्या वेळेला पोचता येतं. सहा दिवसांत बारांकोची भिंत चढून, दऱ्या उतरून-चढून माणूस संध्याकाळी थकून पोचतो आणि रात्री अकराला त्याला शिखरासाठी उठवतात. तिथून पुढे शिखरापर्यंत १२०० मीटर चढ बाकी असतो.

सिंहगडामुळे पाय आणि दम तयार होतो, उंचीची सवय होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. माचामे गेटच साधारण १८०० वर आहे. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला (सुमारे ४६०० मी.) चढून बारांकोला उतरतात, तो टप्पा कुणालाही गाळू देऊ नका. वाटेत खालून जाणारा फाटा आहे आणि डोकं जड झालं की त्याचा मोह होतो. किरकोळ डोकेदुखी असेल तर गाइडच्या नजरेखाली टॉवर करावा. उलट्या होत असतील तर फाटाच बरा.

दगडधोंडा
बराफूवर पाणी नाही. पोर्टर ते करांगाच्या ओढ्यातून वर वाहून आणतात, त्यामुळे हात-तोंड धुणं विसरा आणि रात्रीचं माणशी तीन लिटर पाणी संध्याकाळीच स्वयंपाक्याला सांगून ठेवा. ते निघताना गरम भरून घ्यायचं. बाटली जाड मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. पाणी प्यायची नळीवाली पिशवी न्यायचीच तर प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळी रिकामी करा, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. पहाटे उणे १० ते उणे २० तापमानात आधी नळीच गोठते.

पोचल्या पोचल्या झोपू नका. उजेड आहे तोवर सॅक लावून घ्या. तंबू खडकाळ धारेवर विखुरलेले असतात, तेव्हा संडासची वाट दिवसाच बघून ठेवा. चढताना अंगावर राहणारा आतला कोरडा थर घालूनच स्लीपिंग बॅगमध्ये शिरा. हेडलँपचे सेल, फोन, दुसऱ्या दिवशीचे मोजे बॅगेत पोटाशी. बूट तंबूच्या आत. पायात दोन जाड मोजे कोंबू नका, रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. हातात पातळ मोजा आणि त्यावर बोटं एकत्र राहणारा जाड मोजा. चेन, बटणं आतल्या मोज्यानेच हाताळायची.

शाकाहारींसाठी: तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. डाळीचा हट्ट न धरता गरम भात आणि घरचं मेतकूट. भूक मरते तेव्हा हेच घशाखाली उतरतं. चिक्की थंडीत दगड होते; पुण्यातच बारीक तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. राजगिऱ्याची वडी जास्त सोयीची.

मात्रा
डायमॉक्स साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सगळ्यांनीच विचारलेलं उत्तम. घरी दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. झोपेची गोळी मात्र नको.

ऑक्सिमीटर थंड बोटावर खोटं बोलतो. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होऊ द्या. त्या उंचीवर ७५ ते ८५ टक्के दिसलं तर घाबरू नका. आकड्यापेक्षा माणूस बघा. निघण्यापूर्वी प्रत्येकाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालायला लावा. तोल जातोय, बोलणं अडखळतंय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर त्याने वर जायचं नाही, रात्रीच खाली न्यायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि डेक्सामेथासोन (उंचीमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेवरचं औषध) खाली पोचेपर्यंतचा आधार आहे, वर चढवायचं साधन नव्हे.

आणि बुकिंगआधी कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा: शिखराच्या रात्री आमच्या नऊ जणांबरोबर गाइड किती? एक माणूस परतला की एक गाइड त्याच्याबरोबर जातोच. नऊ जणांना चारपेक्षा कमी गाइड असतील तर तिसरा माणूस आजारी पडल्यावर तो परतू शकत नाही किंवा बाकीचे उघडे पडतात. ग्रुपची चढाई इथेच बिघडते.

पायवाट_कोथरूड
खूप आभार. गाइडचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात नव्हता. उतरण्याबद्दलही सांगाल का?

घाटमाथा
वर स्टेला पॉइंट (५७५६ मी.) लागला की खडी चढण संपते, पण उहुरू शिखर (५८९५) अजून पाऊण-एक तास लांब असतो. जेवढी ताकद असेल तेवढी इथेच संपवू नका, कारण त्याच दिवशी मवेका कॅम्पपर्यंत, म्हणजे ३१०० मीटरपर्यंत उतरायचंय. स्टेलाखालची भुसभुशीत खडी घोट्यापर्यंत बुटात शिरते: गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) लागतातच. घरून निघायच्या चार दिवस आधी पायाची नखं कापा, उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी आवळा. सरावासाठी सिंहगड वजन घेऊन आतकरवाडीच्या बाजूने उतरा; सगळे चढण्याचाच सराव करतात आणि गुडघे मवेकाला जाब विचारतात.

पोर्टरची मर्यादा २० किलो, त्यात तुमची बॅग १५ च्या आत बसवा. गेटवर वजन होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा.