२ लाख ३० हजार किमी झालेली डिझेल पिकअप, मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन करा. खोलायचं का?

भांडुप_भाजी

नमस्कार मंडळी. आमचा भाजीचा धंदा आहे, पहाटे वाशी एपीएमसीतून माल उचलायचा आणि ऐरोली पुलावरून मुलुंड-भांडुपला टाकायचा, सीझनला नाशिकलापण जावं लागतं. भाड्याचा टेम्पो परवडेना म्हणून स्वतःची सेकंडहँड पिकअप घेतली, २०१८ ची, बीएस-४ (प्रदूषणाचा जुना नियम), अडीच लिटर कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरला एकाच पाइपमधून जास्त दाबाने डिझेल), एमएच-०६ पासिंग. मीटर २ लाख ३० हजार दाखवतो.

आता त्रास असा, की रिकामी असली तर गाडी मस्त पळते पण माल भरला आणि पुलाचा चढ आला की ओढच घेत नाही, काळा धूर मारते, मागचा बाईकवाला तोंडावर रुमाल धरतो एवढा. सकाळी पहिला स्टार्ट घ्यायला सेल्फ (स्टार्टर) खूप वेळ मारावा लागतो, नंतर दिवसभर काही नाही, एका सेल्फला उठते. आणि तिसरं म्हणजे एलबीएस रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो की टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो, हायवेला लागलो की परत खाली येतो. इंजिन ऑइल कमी होत नाही, म्हणजे टॉप-अप करावं लागत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडून दोनदा रेस दिली आणि म्हणाले पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलायच्या. खर्चाचा आकडा ऐकून घरात सगळे गप्प झालेत. ज्यांना या गाड्यांचा अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा, खरंच खोलायचं का?

ठाणे_शटल

भावा एवढ्या रनिंगला रिंगा जाणारच, आज नाहीतर उद्या. हाफ इंजिन करून टाक, वर्षानुवर्षं बघायला नको. धंद्याची गाडी आहे, रस्त्यात बंद पडली तर माल सडेल.

डिझेल_मिस्त्री_कळवा

इंजिन अजिबात खोलू नको. आधी माझं पूर्ण वाच.

तू जे तीन त्रास लिहिलेस ना ते तीन वेगवेगळे आजार असू शकतात, सगळ्यांचं मूळ रिंगांमध्येच असेल असं धरून चालू नको. रिंगा गेल्या की गाडी ऑइल खाते आणि धूर निळा येतो. तुझा धूर काळा आहे आणि ऑइल कमी होत नाहीये. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, एवढा साधा हिशोब आहे. पांढरा असता तर न जळलेलं डिझेल नाहीतर कूलंट जळतंय असं म्हटलं असतं. रंग बघून निम्मं निदान होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

रिंगांची शंका काढायची तर गाडी गरम कर, स्लोवर ठेव, ऑइल भरायचं झाकण उघड आणि तिथेच उलटं नुसतं ठेव. थोडंफार थरथरेल, ते चालतं. झाकण उड्या मारायला लागलं आणि भकाभका वाफ आली तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांच्या बाजूने खाली गळतोय, मग पुढचा विचार. तेव्हासुद्धा थेट खोलायचं नाही, आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजून घ्यायचं, आकडे कागदावर लिहून मागायचे. कुठल्यातरी एका सिलिंडरमध्ये मोठा फरक दिसला तर कळतं काय ते. दोनदा रेस देऊन रिंगा कळत नाहीत, ३० वर्षं हात काळे केलेल्या माणसालाही कळत नाहीत.

आता लोड का घेत नाही. सगळ्यात आधी एअर फिल्टर काढून उजेडात धर. मग टर्बोकडून (दाबाने हवा भरणारा पंखा) इंजिनात हवा नेणारे रबराचे पाइप बघ, वरून नाही, खालच्या बाजूने हात फिरव. ऑइलच्या वाफेने रबर फुगतं, मऊ पडतं आणि क्लिपच्या जवळ खालून फाटतं. वरून बघितलं तर पाइप नवा वाटतो. फाट बंदच असते, लोडवर टर्बोने दाब दिला की तेवढ्यापुरती उघडते आणि हवा बाहेर, म्हणून रिकामी गाडी पळते आणि भरलेली मरते. कोणाला तरी रेस द्यायला सांगून कान दे, फुस्स आवाज येतो. तिथे काळपट ऑइलचा डाग असला तर समज सापडलं. टर्बोचा शाफ्टपण बघून घे, गाडी थंड असताना इनलेटचा पाइप काढून बोटाने धर. बाजूला जरासा हलला तर घाबरू नको, तेवढी जागा ऑइलसाठीच असते. पण पुढे-मागे आत-बाहेर होत असेल नाहीतर पाती बॉडीला घासत असतील तर टर्बोचं काम आहे. बीएस-४ आहे म्हणजे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असणार, तो काजळीने जाम होऊन उघडा अडकला तरी हाच त्रास होतो, काढून साफ करून घे. एक बरं, २०१८ ची आहे म्हणून डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भानगड नसणार, ती एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये आली.

सकाळच्या स्टार्टचं सांगतो. सेल्फ जोरात फिरतोय का रडत रडत? रडत असेल तर बॅटरी, अर्थिंगची केबल, सेल्फचा बुश बघ. जोरात फिरतोय आणि तरी उठत नाही तर दोनच शक्यता जास्त. एक, रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरतं, कुठेतरी लाइन हवा घेते. फिल्टरनंतर पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोड आणि सकाळी बघ, बुडबुडे दिसले की झालं, बहुतेक वेळा फिल्टरच्या हेडचं सील नाहीतर प्रायमर पंप (हाताने डिझेल ओढायचा) निघतो. दोन, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर मागे डिझेल सोडतायत. कॉमन रेलला सेल्फवर साधारण २०० बारच्या वर प्रेशर बनलं नाही तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. त्याची लीक-ऑफ टेस्ट असते, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पाइप लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायचं आणि गाडी स्लोवर चालवायची. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो इंजेक्टर आजारी. हे तुझ्या डोळ्यांसमोर करून घे. मग तो एकच पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर पाठव, चारही बदला म्हणणाऱ्याला विचार की बाकीच्या तिघांचा रिपोर्ट कुठाय. आणि नवीन बसवल्यावर त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूत टाकायला विसरू देऊ नको, नाहीतर गाडी ठोके मारते आणि परत धूर.

हिट होण्याचं तूच उत्तर लिहिलंयस. ट्रॅफिकमध्ये चढतो, पळताना उतरतो, म्हणजे उभ्या गाडीला हवा कमी पडतेय. फॅनचा क्लच बघ, गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरव, भिंगरीसारखा मोकळा फिरला तर क्लच गेलाय. आणि रेडिएटर बाहेरून धू, इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मार, प्रेशर कमी ठेव नाहीतर फिन्स वाकतील. हायवेला लोडवर हिट होत असती तर मी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) आणि आतून चोक झालेला रेडिएटर म्हटलं असतं. थंड गाडी स्टार्ट करून लगेच वरचा होज दगडासारखा होतो का तेवढं बघून ठेव, झाला तर लगेच सांग.

हात जोडून एक विनंती, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरू नको आणि कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो म्हणाला तर काढू देऊ नको. आपल्याकडे हिट होते म्हटलं की पहिलं तेच काढतात. मग इंजिन कधी नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि सिलिंडर खरोखर झिजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर झाकण बदल, किरकोळ वस्तू आहे पण ते साधारण १ बार दाब धरतं म्हणून पाणी १०० ला न उकळता १२० च्या आसपास उकळतं.

म्हावरा_वर्सोवा

मिस्त्रींनी इंजिनाचं सगळं सांगितलं, मी खालचं सांगतो. एमएच-०६ म्हणजे पेण-अलिबाग साइड, आधीच्या मालकाने काय वाहिलंय ते विचारलंस का? आम्ही ससून डॉक, भाऊच्या धक्क्यावरून म्हावरा (मासे) वाहतो, बर्फाचं खारं पाणी बॉडीच्या फटीतून चेसिसवर रात्रंदिवस गळतं. इंजिन चांगलं आणि चेसिस पापड, अशा गाड्या मी बघितल्यात.

गाडी पिटवर घे आणि छोटी हातोडी घेऊन चेसिसवर ठोकत जा. टण्ण वाजलं पाहिजे. जिथे बद्द आवाज येईल तिथे आतून खाल्लंय. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये लाकडाचे पॅकर असतात ना यू बोल्टजवळ, ते पाणी धरून ठेवतात, गंज तिथूनच लागतो. मागच्या अ‍ॅक्सलजवळ ब्रेकची लोखंडी लाइन जाते ती चिंधीने पुसून बघ, पापुद्रे निघत असतील तर आजच बदल, ती फुटली तर पेडल थेट जमिनीला. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघताना शॅकल पिन आणि सेंटर बोल्ट बघ, सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

गंजावर डांबर किंवा काळा कोट फासू नको, आत ओल कोंडते आणि लोखंड गुपचूप संपतं. आधी वायर ब्रश, मग प्रायमर, मग कोट. जळालेलं ऑइलपण मारतात काहीजण, त्याने पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे रबर बुश फुगून जातात आणि रस्त्यावर गळतं ते वेगळंच, पावसात मागच्या बाईकवाल्याचा जीव जाईल. पावसाळ्यात पाण्यातून गेलास की घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धू. आणि पाणी हबच्या वर असेल तर हब ग्रीसिंग करून घे, डिफरन्शियलचं ऑइल दुधासारखं झालंय का बघ.

कागदपत्र_कल्याण

चेसिसचा विषय निघाला म्हणून, चेसिस नंबर कुठे पंच आहे तो शोधून स्वच्छ कर आणि वाचता येतो का बघ. गंजून अक्षरं गेली असतील तर फिटनेसला (आरटीओच्या तपासणीला) अडतं आणि री-पंचिंगसाठी आरटीओची परवानगी काढावी लागते, स्वतः कोणाकडून ठोकून घेऊ नकोस, गुन्हा आहे. घासताना ग्राइंडर लावायचा नाही, डिझेल आणि मऊ ब्रश.

२०१८ ची आहे म्हणजे फिटनेस आता बदलतो, ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी होता, पुढे दरवर्षी. ८ वर्षांनंतर पर्यावरण करपण येतो. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट लागेल. नावावर झाली का? पेणवरून मुंबईला आणतोयस तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत), त्याचा फॉर्म २८, मग नाव बदलायला २९ आणि ३०. आधी कर्ज असेल तर फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र, ते विकणाऱ्याकडून आत्ताच हातात घे, पैसे पोचल्यावर फोन उचलत नाहीत लोक.

भांडुप_भाजी

मिस्त्री काका आणि सगळ्यांचेच खूप आभार, खरंच. दुसऱ्या गॅरेजला जाऊन तुमचं लिहिलेलं एकेक दाखवून करून घेतलं.

झाकण अजिबात उडालं नाही, नुसतं थरथरलं. टर्बोचा पाइप खालून फाटलेला निघाला, क्लिपच्या कडेला बोटाएवढी फट आणि सगळीकडे चिकट काळं. नवीन पाइप टाकल्यावर भरलेली गाडी ऐरोली पुलावर तिसऱ्या गिअरला आरामात चढली. लीक-ऑफमध्ये तीन नंबरची बाटली भरली तेव्हा बाकीच्या पाव पण नव्हत्या, तो एकच इंजेक्टर करून कोड टाकून घेतला. रेडिएटरच्या पुढून एवढी माती आणि भाजीचा पाला निघाला की फिन्स दिसतच नव्हत्या, फॅन क्लच ठीक आहे. वडील आता रोज सकाळी स्वतः कूलंटची लेव्हल बघतात.

चेसिस टण्ण वाजतंय, एका पॅकरखाली गंज होता तो घासून प्रायमर मारला. चेसिस नंबर वाचता येतो. एनओसीचं काम चालू केलंय.

आता एकच राहिलं, पुढच्या आठवड्यात टोमॅटोसाठी नाशिकला जायचंय आणि येताना कसारा घाट भरलेल्या गाडीने उतरायचाय. ब्रेक लागतात पण पेडल थोडं खाली जाऊन लागतं. असंच नेऊ का?

ठाणे_शटल

मी आधी हाफ इंजिन कर म्हटलं होतं, त्या खर्चातून वाचलास ते बरं झालं. पण ओव्हरलोड करू नको, २०१९ च्या कायद्याने दंडच २०,००० आणि वर जादा टनाला २,०००, शिवाय घाटात ब्रेकची वाट लागते.

डिझेल_मिस्त्री_कळवा

असंच नेऊ नको. ऐकून फार बरं वाटलं रे, पण घाट उतरायच्या आधी ब्रेक झालेच पाहिजेत.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच. जुन्या फ्लुइडमधलं पाणी घाटात गरम होऊन उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं दबतं, गाडी थांबत नाही. गाडी जुन्या मालकाची आहे, फ्लुइड कधी बदललं कोणाला माहीत नाही, म्हणून पूर्ण काढून नवीन टाक, टाकीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलंय तेच. नुसतं वरून टॉप-अप करून चालणार नाही. ज्या गिअरला चढतोस साधारण त्याच गिअरला उतर, न्यूट्रल तर कधीच नको, इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नको, दाब आणि सोड.

स्पेअरसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलास तर सेकंडहँड दरवाजा, हाऊसिंग काय हवं ते घे, पण ब्रेकचं काहीही जुनं घ्यायचं नाही. नवीन फ्लुइड टाकून चारही चाकांचं ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) झाल्यावर पेडल अजून खाली जात असेल तर मागचे ड्रम उघड. लायनरची जाडी बघ, अ‍ॅडजस्टर जाम आहे का बघ, आणि व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने उचलून बघ. आतून ओलं निघालं तर दोन्ही बाजूचे एकदम बदल.