मदत हवी आहे: पावसाळ्यात छपाईचे नमुने वाकतात आणि रंगही बदलतो

मी समुद्राजवळ राहून घरूनच ग्राफिक डिझाइनचे काम करते. उन्हाळ्यात इंकजेटवर काढलेले नमुने सपाट येतात. पाऊस सुरू झाला की त्याच २३० जीएसएम (चौरस मीटरला २३० ग्रॅम वजनाच्या) मॅट कागदाच्या कडा तासाभरात लाटेसारख्या उचलल्या जातात आणि फिकट करड्या रंगावर हिरवट झाक येते. कागदाच्या चाचणीसाठी २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के आर्द्रता ही प्रमाण स्थिती मानली जाते. माझ्या खोलीत मात्र आर्द्रतामापक ८० टक्क्यांखाली उतरत नाही. कागद सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवून पाहिला, रात्रभर खोलीत मोकळाही ठेवला (त्याने उलट बिघडलेच), प्रिंटरचे नोझल (शाई सोडणारी छिद्रे) तपासले. शाई मूळ कंपनीचीच आहे. मॉनिटर दर महिन्याला कॅलिब्रेट करते (त्याचे रंग प्रमाणाशी जुळवून घेते) आणि नमुने ५००० केल्विनच्या (रंग तपासण्यासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाच्या) दिव्याखालीच पाहते, त्यामुळे दोष पाहण्यात नसावा. दिवसभर वातानुकूलन परवडणारे नाही, खिडक्या मात्र बंद ठेवता येतात. अशा परिस्थितीत छपाईपूर्वी काही तासच डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) चालवून भागेल का, आणि पावसाळ्यासाठी वेगळे आयसीसी प्रोफाइल (ठरावीक प्रिंटर, शाई व कागदावर रंग बरोबर उमटावेत म्हणून वापरायची फाइल) करून घ्यावे की आधी कागदच बदलावा?